मोठी एसयूव्ही घेण्याआधी: धक्के, डुलणं आणि वळणावरची पकड कशी तपासायची

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुधा डीलरच्या दारातून निघते, गुळगुळीत सर्व्हिस रोडवर एक फेरी मारते आणि पंधरा मिनिटांत परत येते. तेवढ्यात सनरूफ उघडून होतं, स्क्रीनला फोन जोडून होतो, एसी किती गार करतो ते कळतं. गाडी खड्ड्यात कशी वागते, सातजण बसल्यावर घाटात किती कलते, मागे बसलेल्या आईच्या कमरेला काय सोसावं लागतं, यातलं काहीच कळत नाही. एवढे लाख मोजल्यावर पुढची दहा वर्षं रोज अनुभवाला येणार ते नेमकं हेच. स्टिरिओ बदलता येतो, सीट कव्हर बदलतं, टायरही बदलतात. चॅसीची रचना आणि मागच्या सस्पेन्शनचा प्रकार मात्र गाडी विकेपर्यंत तोच राहतो.

म्हणून दोन-तीन मोठ्या एसयूव्हींमधून एक निवडायची असेल तर तपासणीला एक पूर्ण सकाळ द्या. ती कशी करायची ते इथे क्रमानं सांगतो. उदाहरणं आपल्या रस्त्यांवर नेहमी दिसणाऱ्या गाड्यांची घेतली आहेत: टोयोटा फॉर्च्युनर, महिंद्रा स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७००, टाटा सफारी, जीप मेरिडियन. यांच्या किमतींत बराच फरक आहे, पण घरात मोठ्या गाडीचा विषय निघाला की बोलणं याच नावांभोवती फिरतं.

मऊ गाडी आरामदायी असतेच असं नाही

रस्त्यावरच्या उंचवट्याचा परिणाम गाडीत दोन टप्प्यांनी जाणवतो. आधी धक्का आत येतो, मग तो जिरतो. बहुतेकजण पहिलाच टप्पा तपासतात. मऊ स्प्रिंगची गाडी गतिरोधकावरून गेली की पहिला धक्का जवळजवळ लागत नाही आणि सगळे खूश होतात. पण त्यानंतर ती दोन-तीनदा वरखाली होते, अर्धा भरलेला हंडा उचलून चालताना पाणी हिंदकळावं तशी. शहरातल्या एका फेरीत ते लक्षात येत नाही. घाट लागला की मागच्या सीटवरून पिशवी मागितली जाते.

याला शरीराचं कारण आहे. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सर्वांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांचा. खडबडीत डांबरावर कडक सस्पेन्शन आणि कडक टायर नेमकी तीच थरथर आत सोडतात. गाडी लागते ती मात्र फार संथ हालचालीनं: दोन सेकंदांत एक किंवा त्याहूनही सावकाश होणारे हेलकावे, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे. थोडक्यात, कडक गाडी कमरेवर येते आणि ढिली गाडी पोटावर. चांगल्या गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला सुमारे एक ते दीड वेळा हलते, म्हणजे दोन्ही त्रासांच्या मधोमध, आणि ती हालचाल शॉकअब्सॉर्बर लगेच थांबवतो.

माझी कसोटी त्यामुळे एकच आहे. धक्का बसल्यावर बॉडी एकदा वर जावी, एकदा खाली यावी आणि तिथेच शांत व्हावी. दुसरा हेलकावा आला की मनात एक गुण कमी करायचा. ज्या गाडीला हे जमतं ती वळणावरही बहुतेक वेळा नीट वागते, कारण दोन्हीकडे काम बॉडीच्या हालचालीला लगाम घालण्याचंच असतं. ‘आराम हवा तर हाताळणी सोडा’ हे जुनं गणित चांगल्या शॉकअब्सॉर्बरनी बरंच मोडीत काढलं आहे.

मोठ्या एसयूव्हीत हे साधणं अवघड असतं, हेही समजून घेतलं पाहिजे. वजन पावणेदोन ते सव्वादोन टन, त्यातलं बरंचसं उंचावर, आणि वर सात माणसं. वळणावर बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. जे वळण ४० नं घेत होतात ते ६० नं घेतलंत तर हा जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. बुटक्या सेडानमध्ये ही चूक खपून जाते. उंच गाडीत तीच चूक छातीत धडकी भरवते.

घरी बसून काय कळतं

टेस्ट ड्राइव्हला जाण्याआधी कंपनीच्या माहितीपत्रकातल्या तीन गोष्टी बघा.

पहिली, चॅसी. फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमवर आहेत: खाली शिडीसारखी पोलादी चौकट, तिच्यावर रबरी माउंटिंग आणि त्यावर बॉडी. ही रचना दणकट असते, ओढायला आणि कच्च्या रस्त्याला उत्तम. पण धक्का बसला की चौकट आणि बॉडी यांच्यात एक बारीक थरथर उरते. एक्सयूव्ही ७००, सफारी आणि मेरिडियन मोनोकॉक आहेत, म्हणजे बॉडी हीच चॅसी. त्यांच्यात ही उरलेली थरथर कमी असते आणि बसायची जागाही सहसा जरा खाली येते.

दुसरी गोष्ट मागचं सस्पेन्शन, आणि मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढची बाजू कोणीच स्वस्तात उरकत नाही, खरा फरक मागे पडतो. फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग एक्सल आहे, ज्याला लाइव्ह एक्सल म्हणतात. डावं चाक दगडावर चढलं की उजव्या चाकालाही ते कळतं आणि आतली माणसं आडवी हलतात. असा एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून त्याला धरून ठेवावं लागतं. स्कॉर्पिओ-एनमध्ये त्यासाठी वॉट्स लिंकेज आहे. ते एक्सलला वरखाली होताना मधोमध ठेवतं, आणि या वर्गात ती मोठी जमेची बाजू आहे. भारतातून गेलेल्या फोर्ड एंडेव्हरमध्येही हीच युक्ती होती. जुन्या एंडेव्हरचे मालक हायवेवरच्या तिच्या स्थिरतेबद्दल अजून हळहळतात, ते उगाच नव्हे. सफारीत मागे अर्धस्वतंत्र ट्विस्ट ब्लेड आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी पण थोडी पिळली जाणारी पट्टी, आणि त्याला आडवं धरायला पॅनहार्ड रॉड. एक्सयूव्ही ७०० आणि मेरिडियनमध्ये मागची दोन्ही चाकं पूर्ण स्वतंत्र, मल्टिलिंकवर, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळ्या दांड्यांनी स्वतंत्र धरलेलं. एकाच बाजूला खड्डा असलेल्या रस्त्यावर याचा फायदा सरळ कमरेला कळतो.

तिसरी गोष्ट टायर. टायरच्या कडेवर २३५/६० आर १८ असं लिहिलेलं असतं. २३५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे रुंदीच्या टक्केवारीत टायरची उंची, १८ इंच रिमचा व्यास. २३५ च्या ६० टक्के म्हणजे १४१ मिलिमीटर रबर आणि हवा, हीच तुमची पहिली गादी. २४५/५५ आर १९ असेल तर ती १३५ वर येते. फॉर्च्युनरच्या २६५/६५ आर १७ टायरला मात्र १७२ मिलिमीटर मिळतात. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांत रिम वेगळी असते. उदाहरणार्थ, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या रूपातल्या सफारीच्या वरच्या प्रकाराला १९ इंची रिम आहे, खालच्यांना त्याहून लहान. म्हणून तुम्ही जो प्रकार घेणार आहात तोच चालवायला मागा. ‘सगळे सारखेच चालतात साहेब’ या उत्तरावर समाधान मानू नका.

शॉकअब्सॉर्बरबद्दल एवढंच: एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन आणि मेरिडियनमध्ये कंपनांच्या वेगानुसार बदलणारे शॉकअब्सॉर्बर आहेत. भराभर येणाऱ्या बारीक धक्क्यांना ते तेलाला जास्त वाट देतात आणि मऊ होतात. कलणं, डुलणं अशा संथ हालचालीत वाट अरुंद होते आणि ते कडक राहतात. यात कुठलंही बटण नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, सगळं व्हॉल्व्हचं काम. मला ही फार सुंदर सोय वाटते.

तयारी

तुलना करायच्या गाड्या शक्यतो एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर चालवा. आज एक आणि पंधरा दिवसांनी दुसरी चालवली तर आठवण दगा देते. पहिलीचा धक्का विसरला जातो आणि दुसरीची नवलाई लक्षात राहते.

टायरमधली हवा स्वतः मोजा. यावर मी अडून बसतो. डेमो गाडीत हवा जास्त किंवा कमी असण्याची शक्यता भरपूर, आणि चार-पाच पीएसआयचा फरक चांगल्या गाडीला दगड आणि साध्या गाडीला गादी करू शकतो. कंपनीनं सांगितलेला आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. हवा थंड टायरमध्ये मोजायची, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की दाब दीड पीएसआयच्या आसपास चढतो. पॉकेट गेज तीन-चारशे रुपयांत मिळतो. डीलरकडे हवा भरायची सोय असतेच, तिथेच दोन्ही गाड्यांची हवा आकड्यावर आणून घ्या.

वजनही सारखं हवं. रिकाम्या गाडीत सात माणसांच्या गाडीची परीक्षा होत नाही. सात प्रौढ म्हणजे साधारण साडेचारशे किलो, त्यावर बॅगा. तेवढी माणसं जमली नाहीत तरी निदान चार-पाचजण न्या, आणि त्यातले दोघे मागच्या ओळीत बसवा. घरातला सर्वांत वयस्क माणूस आणि गाडी लागणारा माणूस यांना वगळू नका. त्यांचं मत तुमच्या मतापेक्षा जास्त मोलाचं आहे.

रस्ता तुम्ही निवडा, विक्रेत्याला निवडू देऊ नका. त्यात चार तुकडे असावेत: गावातला उखडलेला रस्ता, गतिरोधकांची रांग, वेगाचा महामार्ग आणि वळणं. पुण्यात कात्रजचा जुना घाट जवळ आहे. नाशिककरांना कसारा घाट, कोल्हापुरात गगनबावड्याची वाट, संभाजीनगरला दौलताबाद-खुलताबादकडची चढण, गोव्यातून चोर्ला. नागपूरकडे घाट नाही, तिथे उड्डाणपुलांच्या वळणदार उतारांवर काम भागवावं लागेल. विक्रेत्याला आधी फोन करून पंचवीस-तीस किलोमीटरची फेरी हवी असं सांगून ठेवा. नकार मिळाला तर दुसऱ्या डीलरकडे जा, याच गाड्या तिथेही असतात.

गाडीत बसल्यावर लेन कीप असिस्ट (गाडीला आपोआप लेनमध्ये ठेवणारी सोय) असेल तर बंद करा, नाहीतर स्टिअरिंगमध्ये तुमच्या हाताबरोबर संगणकाचाही हात असतो आणि खरा अंदाज येत नाही. घसरण रोखणारी ईएससी प्रणाली मात्र बंद करायची नाही.

पायरी १: उखडलेला रस्ता, वेग १५ ते २५

या पायरीला स्वतः गाडी चालवू नका. दुसऱ्या ओळीत बसा, डोकं हेडरेस्टला टेकवू नका, आणि समोरच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्याकडे बघा. ते वरखाली होतंय की डावी-उजवीकडे झुलतंय? वरखाली हलणं शरीर बऱ्यापैकी सोसतं. आडवं झुलणं मानेला आणि खांद्यांना थकवतं, आणि लाइव्ह एक्सलच्या उंच गाड्यांची हीच दुखरी नस आहे. एक बाजू खड्ड्यात आणि दुसरी सपाटीवर असा तुकडा मुद्दाम शोधा, तिथे फरक झटकन उघडा पडतो.

मग जागा बदलून चालकाच्या सीटवर या आणि स्टिअरिंग हलक्या हातानं धरा. खड्ड्याचा झटका हातात किती येतो? फॉर्च्युनरचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, त्यात हा झटका आणि कमी वेगातलं जडपण दोन्ही जाणवतात. सफारीला ऑक्टोबर २०२३ पासून इलेक्ट्रिक स्टिअरिंग आलं, त्याआधीच्या सफारीत हायड्रॉलिक होतं. जुनी सफारी घेणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावं, कारण पार्किंगमध्ये रोज हाताला फरक पडतो.

पायरी २: गतिरोधक

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो आणि तो ताशी २५ किलोमीटरनं ओलांडता यावा अशी अपेक्षा असते. आपल्या गल्ल्यांतले गतिरोधक कसे असतात ते मी सांगायला नको. तरीही एक बऱ्यापैकी नियमातला गतिरोधक निवडा आणि प्रत्येक गाडी त्याच्यावरून २० नं न्या.

इथे हेलकावे मोजायचे. मागची चाकं खाली उतरली की मनात मोजायला सुरुवात करा. गाडी एकाच हालचालीत बसली का? मागच्या ओळीत बसलेल्यांना विचारा: ढुंगण सीटवरून सुटलं का, पाठीत ठोका आला का? ‘ठक्’ असा आवाज आला तर सस्पेन्शन संपून रबरी बंपस्टॉपला टेकलं. भरलेल्या गाडीत हे एकदा झालं तर समजण्यासारखं आहे, प्रत्येक गतिरोधकावर झालं तर ती गाडी सात माणसांसाठी नाही.

पायरी ३: ठिगळं आणि रंबल स्ट्रिप, वेग ४० ते ६०

ही पायरी लवकर उरकते पण टाळू नका. रेल्वे फाटक, पुलाचे सांधे, डांबराची ठिगळं आणि टोलनाक्याआधीच्या रंबल स्ट्रिप या सगळ्यांत बारीक, भराभर येणारे धक्के असतात. इथे स्प्रिंगपेक्षा टायर, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) आणि शॉकअब्सॉर्बरची चाचणी होते. मोठ्या रिमच्या गाड्या इथे हटकून उघड्या पडतात. डॅशबोर्ड किंवा मागच्या दारातून खडखड येते का तेही ऐका.

पायरी ४: महामार्ग, वेग ८० ते १००

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग किंवा समृद्धी हाताशी असेल तर उत्तम. दोन्ही काँक्रीटचे आहेत, त्यामुळे टायरचा आवाज आणि सांध्यांची लय दोन्ही कळतात. समृद्धीवर सपाट भागात १२० ची मर्यादा असली तरी चाचणीला शंभर पुरेसे आहेत.

तीन गोष्टी बघा. सरळ जाताना स्टिअरिंगला किती बारीक-बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात? अर्ध्या तासात खांदे आखडले तर त्याचं कारण सहसा हेच असतं. दुसरं, ट्रकच्या बाजूनं पुढे जाताना किंवा उघड्या माळावर आडव्या वाऱ्यात गाडी ढकलली जाते का? उंच, सपाट बाजूच्या गाड्या थोड्या ढकलल्या जाणारच. त्या लगेच सरळ होतात की चालकाला ओढून आणाव्या लागतात, हे महत्त्वाचं. तिसरं, पुलाच्या दोन्ही टोकांना जिथे भराव खचलेला असतो तिथली लांब लाट. या लाटेवर गाडी उचलली जाते आणि परत बसते. पहिल्या पायरीत सगळ्यांची मनं जिंकणारी मऊ गाडी अनेकदा इथे हरते. उलट जी गाडी गावात जरा कडक वाटली ती इथे रेषेत चालते. म्हणूनच एका रस्त्यावरून मत बनवू नये.

मागे मोकळा रस्ता आहे हे आरशात बघून एकदा नेहमीपेक्षा जरा जोरात, पण सरळ रेषेत ब्रेक दाबा. नाक किती खाली जातं, मागचा भाग हलका होऊन वळवळतो का, मागच्या प्रवाशांना पुढे ढकलल्यासारखं होतं का, ते पाहा.

पायरी ५: घाट

हाताळणीचा निकाल इथे लागतो, आणि इथे वेग लागत नाही. रस्त्याच्या मर्यादेत, आपल्या लेनमध्ये, ३५ ते ५० च्या दरम्यान सगळं कळतं.

वळणात शिरताना स्टिअरिंग फिरवल्यावर नाक किती लवकर वळतं ते बघा, पण त्याहून जास्त लक्ष कलण्याच्या पद्धतीकडे द्या. किती कलते यापेक्षा कशी कलते हे महत्त्वाचं. एका अंगाला सावकाश टेकून तिथेच थांबणारी गाडी विश्वास देते. जी आधी कलते, थांबते आणि मग आणखी कलते तिच्यात मागे बसलेल्यांना पकडायला हँडल लागतं. यू आकाराच्या वळणानंतर लगेच उलटं वळण आलं की बॉडीला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जायचं असतं. तो पालट एका दमात झाला पाहिजे.

आता सर्वांत बोलकी चाचणी. ज्या वळणाच्या मध्यावर डांबर उखडलेलं आहे असं वळण शोधा, आपल्या घाटांत ते शोधायला कष्ट पडत नाहीत. लाइव्ह एक्सलच्या गाडीचा मागचा भाग अशा ठिकाणी वेगात असेल तर जरासा उडून बाहेर सरकतो आणि चालकाला स्टिअरिंग सावरावं लागतं. वॉट्स लिंकेज असेल तर हे सरकणं कमी होतं. मल्टिलिंकच्या गाडीत आतलं चाक धक्का घेतं आणि बाहेरचं चाक आपलं काम करत राहतं. पावसाळ्यात रात्री आंबोली उतरणाऱ्या माणसाला हा फरक कुठल्याही सनरूफपेक्षा जास्त उपयोगी आहे.

उतरताना गिअर खाली टाकून इंजिनचा ब्रेक कसा लागतो ते तपासा. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा पॅडल शिफ्टर आहेत का आणि निवडलेला गिअर गाडी धरून ठेवते का, बघा. दोन टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवणं धोक्याचं.

पायरी ६: शेवटची ओळ

तिसरी ओळ मागच्या एक्सलच्या वर किंवा मागे असते, त्यामुळे तिथे प्रत्येक हालचाल मोठी होऊन पोचते. पंधरा मिनिटं स्वतः तिथे बसा, घाटाच्या तुकड्यात बसलात तर आणखी चांगलं. गुडघे छातीशी आले की मांड्यांना आधार राहत नाही आणि धक्का सगळा माकडहाडावर येतो. खिडकीतून क्षितिज दिसतं का तेही बघा. बाहेरचं दिसत नसेल तर डोळे आणि कान मेंदूला वेगवेगळं सांगतात आणि गाडी लागते. लहान मुलं या ओळीत बसणार असतील तर या पायरीला सर्वांत जास्त वजन द्यावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

फोनची मदत

ज्यांना अंदाजावर भागत नाही त्यांच्यासाठी एक फुकट साधन आहे. जर्मनीतल्या आखेन तांत्रिक विद्यापीठानं बनवलेलं फायफॉक्स हे अॅप फोनमधल्या त्वरणमापकाचे आकडे नोंदवतं. फोन दुसऱ्या ओळीसमोरच्या फरशीवर दुहेरी चिकटपट्टीनं घट्ट बसवा, ‘गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण’ हा प्रयोग निवडा आणि ठरलेला एक किलोमीटरचा खराब तुकडा प्रत्येक गाडीनं त्याच वेगानं पार करा. उभ्या अक्षाचा आलेख किती दाट आणि उंच आहे, आणि आडव्या अक्षावर किती काटे आहेत, याची तुलना करा. एकटा आकडा काही सांगत नाही, कारण शरीराला कुठली कंपनं जास्त लागतात याचा हिशेब अॅप करत नाही. पण एकच फोन, एकच जागा आणि एकच वेग असेल तर दोन गाड्यांमधला फरक स्वच्छ दिसतो. अॅप सुरू-बंद करायचं काम चालकानं करू नये.

निकाल कसा काढायचा

प्रत्येकानं आपापले गुण कागदावर लिहावेत आणि शेवटची गाडी परत देईपर्यंत एकमेकांशी बोलू नये. एकानं ‘वा!’ म्हटलं की बाकीच्यांना तीच गाडी आवडायला लागते.

मग गुणांची नुसती बेरीज करू नका. तुमची गाडी महिन्याला कुठे किती चालणार ते मांडा. रत्नागिरीहून दर पंधरवड्याला मुंबई गाठणाऱ्याचं वजन घाट आणि महामार्गावर. पुण्यात हिंजवडी-खराडी करणाऱ्याचं कमी वेगातल्या खड्ड्यांवर आणि स्टिअरिंगच्या हलकेपणावर. विदर्भात शेतावरच्या पांदण रस्त्यानं रोज जाणाऱ्यानं लॅडर फ्रेमच्या थरथरीकडे थोडा कानाडोळा करावा, कारण तिथे दणकटपणाच जास्त दिवस साथ देतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. बहुतांश वेळ डांबर-काँक्रीटवर आणि घरची माणसं घेऊन जाणार असाल तर मागे मल्टिलिंक असलेली मोनोकॉक गाडी घ्या. या यादीत ती एक्सयूव्ही ७०० किंवा मेरिडियन. मेरिडियन मला हाताळणीत अधिक भरीव वाटते, पण तिची तिसरी ओळ मोठ्या माणसांसाठी तोकडी आहे. सफारी महामार्गावर वजनदार आणि निश्चिंत चालते, मोठ्या रिमवर बारीक धक्के मात्र आत सोडते. स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमची असूनही ज्या शिस्तीत चालते त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. कच्चा रस्ता खरोखर आयुष्यात असेल तर माझी पहिली पसंती तिला. फॉर्च्युनर लोक टिकाऊपणासाठी आणि विकताना मिळणाऱ्या भावासाठी घेतात आणि त्यात चूक काही नाही, पण रिकामी असताना मागची सीट उसळते हे आधी अनुभवा आणि मग चेक फाडा. भरल्यावर ती बरीच शांत होते.

घेतल्यानंतर

दिसायला छान म्हणून मोठ्या रिम टाकू नका. टायरची उंची कमी होते, चाकाचं वजन वाढतं, आणि जड चाक खड्ड्यातून वर आल्यावर त्याला आवरायला शॉकअब्सॉर्बरला जास्त झगडावं लागतं. कंपनीच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं खपून जुळवलेलं गणित एका दुपारी बिघडतं. उंची वाढवणारे स्पेसर तर अजिबात नकोत; उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो आणि आधीच उंच असलेली गाडी वळणावर आणखी अस्थिर होते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी वरच्या सगळ्या पायऱ्या कराव्यातच, पण त्याआधी मेकॅनिककडून शॉकअब्सॉर्बर गळतात का, लोअर आर्मचे बुश फाटलेत का, लिंक रॉड वाजतात का, आणि टायर एका कडेनं जास्त झिजलेत का हे बघून घ्यावं. मऊ वाटणारी जुनी गाडी अनेकदा थकलेल्या शॉकअब्सॉर्बरमुळे मऊ असते. शॉकअब्सॉर्बर नेहमी एका एक्सलवरची जोडी बदलायची, एकटा कधीच नाही.

नवी गाडी ताब्यात घेताना पूजेचा नारळ फुटला की लगेच हवा मोजा. कारखान्यातून डीलरपर्यंत येताना टायरमध्ये हवा बरेचदा जास्त भरलेली असते आणि ती तशीच तुमच्या हाती येते. दाराच्या खांबावर बहुधा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी एक. रोजच्या वापराला पहिला ठेवा आणि सगळं घर घेऊन कोकणात निघालात की निघायच्या सकाळी, टायर थंड असताना, दुसऱ्यावर आणा.